जुन्या घरांतले कलेचे बिऱ्हाड



देवळाचा जीर्णोद्धार कसा होतो, हे ह्या मंडपात कोणास समजावून सांगावयास नको. जुन्या गाभाऱ्यावर पहार पडण्यापूर्वी मूर्तीतील देवतेची कला विधिपूर्वक कलशात आकर्षून घेतात. काम चालू असेतो पूजा-नैवेद्य त्या कलशाला पोचतो, आणि बांधकाम पुरे झाले म्हणजे ती कला पुन्हा मूर्तीत स्थापिली जाते. दगड बदलतो, लाकूड बदलते. पूजेत मात्र एका दिवसाचाही खंड पडत नाही. ह्या विधीत ‘कला’ ह्या शब्दाचा अर्थ देवतेचा अंश असा आहे. चित्र, गायन, शिल्प ह्यांना व्यवहारात जी कला म्हणतात, तिचा येथे काही संबंध नाही. तथापि जुन्या घरांची डागडुजी करून त्यांतून चित्रशाळा, संगीताची दालने व प्रदर्शनगृहे उभारण्याचा जो प्रघात अलीकडे रूढ होत चालला आहे, त्याकडे पाहताना हा शब्द राहून राहून आठवतो. घरातली माणसे निघून गेली तेव्हा त्या घराची कला कोणी कलशात काढून ठेवली नव्हती. पाऊणशे वर्षे नांदलेले घर दहा-वीस वर्षे कुलूपबंद राहिले. मग कोणी ते सावरले, भिंतींना रंग दिला आणि त्यांवर चित्रे टांगली. आता ते घर पुन्हा जिवंत झाले असे म्हणावे काय? प्रस्तुत व्याख्यान ह्या एकाच प्रश्नाभोवती फिरणार आहे.

प्रथम घर मरते कसे ते पाहिले पाहिजे. गोवा-कोकणातले घर पावसाने पडते अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः पाऊस हा त्या घराचा जुना सोबती; चिऱ्याच्या जाड भिंती, उतरती छपरे, रुंद वळचणी ही सारी त्याच्याच स्वागताची तयारी. घर पडते ते पावसात आत कोणी नसल्यामुळे. वैशाखात शाकारणी झाली नाही, वानराच्या उडीने एक कौल सरकले, तर त्या फटीतून जे पाणी येते ते रीप भिजवते, रिपेवरून वाशावर जाते, वाशावरून भिंतीच्या माथ्यावर उतरते. घरात माणूस असता तर त्याने पहिल्याच रात्री खाली पातेले ठेवले असते आणि दुसऱ्या दिवशी शिडी लावली असती. माणूस नसला की वाळवीला चार महिने मोकळे मिळतात. चुलीचा धूर हा आणखी एक रखवालदार. त्याने डोळे चुरचुरत असले तरी वाशांतले किडे त्याच्यामुळे दूर राहत. चूल विझली, धूर थांबला, आणि आढ्यावर भुंग्यांनी भोके पाडावयास आरंभ केला, ही कहाणी पेडण्यापासून काणकोणपर्यंत शेकडो घरांची आहे.

माणसे घर का सोडतात ह्याची कारणे सर्वांस ठाऊक आहेत. नोकरी, शिक्षण, परदेश. गोव्यात ह्याला कायद्याचीही एक बाजू आहे. 1867च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा जो वारसा येथे राहिला, त्यात मुलगा-मुलगी असा भेद न करता सर्व अपत्यांना वाटा मिळतो. न्याय म्हणून ही व्यवस्था स्पृहणीयच आहे, आणि देशात इतरत्र मुलींना जे पुष्कळ उशिरा मिळाले ते येथील मुलींना आधी मिळाले, हे विसरता कामा नये. परंतु चार पिढ्यांनंतर एका घराचे तीस-चाळीस वाटेकरी होतात. कोणी मुंबईस, कोणी लिस्बनला, कोणी आखातात. छपरासाठी पैसे काढावयाचे तर प्रत्येकाला आपला चाळिसावा हिस्सा आठवतो, आणि विकावयाचे तर प्रत्येकाला आजीची आठवण येते. घर ना विकले जाते, ना शाकारले जाते. अशा घराला सामान्यतः दोनच वाटा उरतात: मोडून त्या जागी इमारत, किंवा पाहुण्यांसाठी खानावळ-हॉटेल. तिसरी वाट कलेची. ती क्वचितच निघते, म्हणून तिचा विचार अगत्याने करावयाचा.

ह्या तिसऱ्या वाटेचे सर्वांत बोलके उदाहरण गोव्यात नाही, वडोदऱ्यास आहे. तेथील रावपुऱ्यात तांबेकर वाडा म्हणून एक जुना मराठी थाटाचा लाकडी वाडा आहे. विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर हे 1849 ते 1854 ह्या काळात बडोदे संस्थानचे दिवाण होते. गादीवर तेव्हा गणपतराव गायकवाड होते. हा वाडा त्या भाऊंचा. बाहेरून पाहणाऱ्यास तो गायकवाडीतल्या इतर सरदारी वाड्यांसारखाच वाटेल: लाकडी खांब, कोरीव तुळया, मजल्यावर मजला. आत गेल्यावर मात्र पाऊल थबकते. वरच्या मजल्यांच्या भिंती एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांनी भरून गेल्या आहेत. महाभारतातले प्रसंग आहेत, कृष्णलीला आहेत, नित्याच्या जीवनातली दृश्ये आहेत. इंग्रज आणि मराठे ह्यांच्या लढाईचा देखावा आहे, आणि कृष्णाच्या गोपींपासून फार दूर नाहीत अशा युरोपीय स्त्रियाही आहेत. ज्याने ही चित्रे काढून घेतली त्याच्या मनात गोकुळ, कुरुक्षेत्र व इंग्रजी पलटण ही तिन्ही एकाच भिंतीवर सुखाने नांदत होती. संस्थानी जीवनाचे ह्याहून प्रामाणिक चित्र कागदोपत्री सापडणे कठीण. रेसिडेन्सीला पाठवलेल्या पत्रांत दिवाण काय लिहीत तो भाग निराळा. निजताना भिंतीवर काय पाहत, ते येथे दिसते.

पुढे वाड्यास वाईट दिवस आले. चित्रांवर काजळी, ओल आणि दुर्लक्ष ह्यांचा थर बसला. आज हा वाडा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, आणि चित्रे पाहावयास लोक जातात. वडोदऱ्यातल्या घटनांचा क्रम ध्यानात घेतला म्हणजे एक मौज दिसते. 1950 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकलेची शाखा निघाली; इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे तेथे चित्रकलेचे प्रमुख झाले, आणि वडोदरा हे आधुनिक भारतीय चित्रकलेचे एक मुख्य पीठ बनले. देशोदेशींचे नवे वारे त्या शाळेत खेळत होते, त्याच शहरातल्या एका वाड्यात शंभर वर्षांपूर्वीची चित्रे अंधारात उभी होती. एका गावात दोन चित्रशाळा. एक उघडी, दुसरी मिटलेली.

तांबेकर वाड्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मनात घोळवण्यासारखी आहे. ही चित्रे मुळात कोणासाठी होती? जुन्या घराची रचना म्हणजे उंबरठ्यांची उतरंड. अंगणात कोण उभा राहील, ओटीवर कोण बसेल, सोप्यापर्यंत कोण येईल, माजघरात कोणाला मज्जाव, स्वयंपाकघरात आणि देवघरात कोणाचे सोवळे चालेल, हे सारे ठरलेले असे. जात, नाते, वय, स्त्री-पुरुष हा भेद, ह्या सर्वांचा नकाशा घराच्या जमिनीवर आखलेला होता. दिवाणाच्या वाड्यात माडीवरची चित्रे पाहावयास मिळत ती घरच्यांना व मर्जीतल्या पाहुण्यांना. ज्याने चुना कालवला, ज्याने वासे चढवले, ज्या बाईने ती माडी रोज झाडली, त्यांना ती काम करता करता दिसली असतील तेवढीच. आज एखाद्या शाळेच्या मुली ओळीने जिना चढतात आणि भिंतीशी उभ्या राहून द्रौपदी कोणती, राधा कोणती ह्यावर हुज्जत घालतात. घराने काही गमावले आहे हे खरेच. तेथे आता नैवेद्याचे ताट वाढले जात नाही, बाळंतिणीच्या खोलीतून धुरी येत नाही. परंतु उंबरठ्यांची उतरंड मोडली, हा लाभ जुन्या वैभवाच्या आठवणीत बुडवून टाकण्याजोगा क्षुल्लक नव्हे. वाडा सरदारांचा होता तेव्हा तो जितका लोकांचा नव्हता तितका आता झाला आहे.

वडोदऱ्याच्या वाड्यात चित्रे भिंतीचीच होती. घर सावरले की चित्रे सावरली आणि चित्रे राखावयाची तर घर राखणे भागच होते. पणजीस प्रकार निराळा. तेथे घर एकाचे, चित्रे दुसऱ्याची.

पणजीला राजधानीचा दर्जा 1843 मध्ये मिळाला. तिच्या पूर्वेस टेकडी आणि खाडी ह्यांच्या चिंचोळ्या पट्टीत फोंतेन्हास ही वस्ती आहे. पिवळी, निळी, गेरूच्या रंगाची घरे, पांढऱ्या रेघांनी कोरलेल्या खिडक्या, लहान लहान सज्जे. पांढरा रंग चर्चसाठी राखलेला, म्हणून घरांना हे रंग, असे सांगतात. पावसाळा सरला की रंगाचा नवा हात देण्याची तेथली रीत. ह्या वस्तीतल्या एका दुरुस्त केलेल्या जुन्या घरात फुंदासांव ओरिएन्ते ह्या 1988 मध्ये स्थापन झालेल्या पोर्तुगीज संस्थेची गोव्यातील शाखा आहे, आणि त्याच घरात आंतोनियु शाविएर त्रिंदाद ह्यांच्या चित्रांचा संग्रह आहे.

त्रिंदाद (1870–1935) हे नाव मराठी वाचकाला जितके परिचित असावयास हवे तितके नाही. गोव्यात जन्मलेला हा चित्रकार मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकला आणि तेथेच अध्यापक झाला. महादेव विश्वनाथ धुरंधर (1867–1944) ह्यांचा तो समकालीन. धुरंधरांच्या स्त्रिया घरोघर पोचल्या, पंचांगांवर व पोस्टकार्डांवर गेल्या. त्रिंदादांची चित्रे पुष्कळशी घरातच राहिली. त्यांचा हातखंडा व्यक्तिचित्रांचा. तैलरंगात चेहऱ्यावरचा प्रकाश ते असा उतरवीत की त्यांना पूर्वेकडचे रेम्ब्रांट म्हणत. त्यांची पत्नी फ्लोरेंटिना त्यांच्या अनेक चित्रांत दिसते. कन्या आंजेला (1909–1980) हीदेखील जे. जे.ची विद्यार्थिनी आणि स्वतंत्र बाण्याची चित्रकर्ती. ख्रिस्ती कथाविषय भारतीय रूपात रंगवून तिने आपली वाट काढली, आणि पुढे त्रिकोणांच्या रचनेवर उभारलेली स्वतःची शैली सिद्ध केली. बाप-लेकीची चित्रे कुटुंबाकडून ह्या संस्थेकडे आली व फोंतेन्हासच्या घरात टांगली गेली. गोव्यातून मुंबईस गेलेला माणूस असा चित्ररूपाने परत आला. घरी आला, परंतु आपल्या नव्हे. गोव्याच्या इतिहासात ही गोष्ट अपूर्व मुळीच नाही. सोळाव्या शतकात देवांनाही तेच करावे लागले. कुशस्थळीचा मंगेश 1560 मध्ये नदी ओलांडून प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली; परक्या गावात त्यांची बिऱ्हाडे झाली, आणि पुढे त्याच गावांनी त्यांना आपले म्हटले. दुसऱ्याच्या घरी नांदणे म्हणजे उपरे होणे, असे गोव्याच्या माणसाला वाटण्याचे कारण नाही.

तरीही चित्र आणि घर ह्यांचे जमवून देणे सोपे नसते, आणि जीर्णोद्धाराची खरी कसोटी येथे लागते. घर वाऱ्यासाठी बांधलेले असते, चित्राला वारा सोसत नाही. गोव्याच्या जुन्या घराला जितक्या खिडक्या तितके त्याचे वैभव. शिंपल्यांच्या पातळ चकत्या लाकडी चौकटीत बसवून केलेली ती तावदाने दुपारच्या उन्हाचे दूध करून आत सोडतात. चित्र टांगणाऱ्याला मात्र सलग, आंधळी भिंत हवी. आषाढात भिंतीला पाझर सुटतो तेव्हा कागदावरच्या जलरंगाला बुरशी धरते, तैलचित्राचे कापड सैलावते. ह्यावर सोपा उपाय म्हणजे खिडक्या बुजवून आत लाकडी फळ्यांचा दुसरा कोठा उभारणे आणि वातानुकूलन करणे. चित्र वाचते, घर बाहेरून घर आणि आतून पेटी होते. ज्यांना ही गोष्ट खटकते ते निराळ्या वाटा शोधतात. नाजूक कामे आतल्या, भिंतीआडच्या खोल्यांत. धातूची, दगडाची, मातीची कामे ओटीवर व चौकात. पावसाच्या चार महिन्यांत कागदाला विश्रांती आणि गाण्याला जागा. घराच्या कलाने घेतले तर घर पुष्कळ सोसते.

दुरुस्तीचेही तेच. गेल्या अर्धशतकात जुन्या घरांचे सर्वाधिक नुकसान दुरुस्तीनेच झाले आहे. चिरा हा सच्छिद्र दगड. तो पावसाळ्यात ओल पितो आणि नंतर हळूहळू सोडतो. चुन्याचा गिलावा त्याला हे करू देतो. सिमेंटचा गिलावा तोंड बंद करतो. मग ओल आतल्या आत वर चढते, क्षार फुलतात, आणि तीन-चार वर्षांत सिमेंटचे पापुद्रे चिऱ्याचा थर घेऊनच खाली येतात. जुना गवंडी चुना दिवसेंदिवस भिजत ठेवी, घाणीत मळी, त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी घाली, आणि घाई करणाऱ्या मालकाला ओटीवर बसवून ठेवी. आज हे काम जाणणारे हात थोडे उरले आहेत. कलेसाठी घर सावरताना ह्या हातांना काम मिळते, त्यांच्यापाशी दोन तरुण उभे राहून शिकतात, ही गोष्ट भिंतीवरच्या कोणत्याही चित्राइतकीच मोलाची मानली पाहिजे. प्रदर्शनाच्या निमंत्रणपत्रिकेवर चित्रकाराचे नाव असते, वास्तुविशारदाचे असते, देणगीदाराचे तर ठळक असते. चुना मळणाऱ्याचे नाव अद्याप कोठे छापलेले दिसत नाही.

पणजीतच आल्तिन्यु टेकडीवर पोर्तुगीज काळातल्या एका बंगल्यात 2009 पासून ‘सुनापरान्त’ हे कलाकेंद्र चालते. नाव फार जुने आहे; बौद्ध ग्रंथांत पश्चिम किनाऱ्याच्या प्रदेशाला ते दिलेले आढळते. चित्रप्रदर्शने, वर्ग, व्याख्याने, उघड्या रंगमंचावरचे कार्यक्रम असा त्याचा क्रम आहे. खाली नदीकाठी, जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात मॅकिनेझ वाडा आहे. 2004 मध्ये आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला तेव्हा त्या आवाराचे रूप पालटले, आणि 2016 पासून डिसेंबरात भरणाऱ्या सेरेंडिपिटी कलामहोत्सवानेही त्या जुन्या दालनांचा उपयोग केला. ह्या मोठ्या इमारती सरकारी. त्यांची कथा घराची नव्हे, म्हणून येथे तिचा विस्तार नको. एक मात्र नोंदवले पाहिजे. महोत्सव हा पाहुणा आहे. तो आला की झुंबरे लागतात, तो गेला की खोल्यांना कुलूप. आणि कुलूप हा घराचा जुना वैरी. वर्षातून दहा दिवस गजबजणारे घर आणि दहा वर्षे बंद असलेले घर ह्यांच्या वाशांतल्या वाळवीला फारसा फरक जाणवत नाही.

आणि शेजाऱ्यांचे काय? जुन्या वस्तीत एखादे घर कलागृह झाले की गल्लीत गाड्या येतात, छायाचित्रे काढणाऱ्यांची रीघ लागते, भाडी चढतात; समोरच्या घरातली म्हातारी संध्याकाळी सज्जावर बसेनाशी होते, कारण तिचेही चित्र निघू लागते. कित्येक ठिकाणी आमंत्रण इंग्रजीत, भाषण इंग्रजीत, चित्राखालची ओळ इंग्रजीत. कोंकणी-मराठी बोलणारा शेजारी दारापर्यंत येतो आणि आत जाण्यास दिंडी मोकळी असूनही परततो. एक उंबरठा काढला आणि त्याच जागी दुसरा बसवला, असे होऊ नये ह्यासाठी करावयाचे ते फार थोडे आहे: पाटीवर दोन ओळी त्याच्या भाषेत, आणि आठवड्यातून एक दिवस गल्लीतल्या पोरांच्या हाती कुंचला. काही गृहांनी हे केले आहे. तेथे शेजारी स्वतः राखणदार झाले आहेत.

येथवर जी घरे पाहिली ती सधनांची. दिवाणाचा वाडा, साहेबी बंगला. त्यांत कला नंतर आली, किंवा वडोदऱ्याप्रमाणे धन्याच्या हौसेने भिंतीवर चढली. पण कला ज्या घरांत खरोखर राहत होती, रोज पहाटे उठत होती, त्या घरांचे काय झाले?

ग्वाल्हेरीत ह्याचे एक समाधानकारक उत्तर मिळते. शिंद्यांची ही राजधानी मराठी माणसाला गाण्याचे माहेर म्हणून ठाऊक आहे. 1918 मध्ये भातखंड्यांच्या प्रेरणेने तेथे माधव संगीत महाविद्यालय निघाले. राजाभैया पूछवाले, कृष्णराव शंकर पंडित ही नावे त्या मातीतली. त्याच दरबारात सरोदवादनाचे एक पठाणी घराणेही नांदत होते. घोड्यांच्या व्यापारानिमित्त अफगाण प्रदेशातून आलेल्या बंगश कुळातल्या गुलाम अली खाँ ह्यांनी रबाबावर संस्कार करून सरोद घडवल्याचे श्रेय त्या घराण्यात त्यांना दिले जाते. लाकडी पट्टीच्या जागी धातूची गुळगुळीत पट्टी आणि तातीच्या जागी पोलादी तारा आल्या. तुटक बोलणारे वाद्य मींड घेऊ लागले. त्यांच्या वंशातले हाफिज अली खाँ (1888–1972) ग्वाल्हेर दरबारचे वादक. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी आपल्यासाठी काय करू असे विचारले असता, दरबारी कानड्याची शुद्धता राखली जावी एवढी व्यवस्था करा, असे उत्तर ह्या वृद्ध कलावंताने दिल्याचे त्यांचे चिरंजीव अमजद अली खाँ सांगतात.

जिवाजीगंजातले ह्या कुटुंबाचे वडिलोपार्जित घर आज ‘सरोदघर’ ह्या नावाचे संगीतसंग्रहालय आहे. पूर्वजांची वाद्ये, थोर कलावंतांनी हाताळलेली वाद्ये, छायाचित्रे, कागदपत्रे तेथे आहेत. घर काही राजवाडा नव्हे. त्यात अपूर्व असे वास्तुशिल्पही कोणी शोधू नये. पण पाहणारा उभा राहतो तेव्हा ज्या आवाजाची ती वाद्ये साक्ष देतात तो आवाज ह्याच भिंतींनी ऐकलेला असतो. येथे कलेला बाहेरून आणून बसवावे लागले नाही. आरंभी सांगितलेल्या विधीतल्याप्रमाणे घरच्यांनीच ती राखून ठेवली होती. वारसांनी घर वाटून घेतले नाही, मोडले नाही. त्याची पेटी उघडून गावापुढे ठेवली. तांबेकर वाड्याला सरकारी हात लागला, फोंतेन्हासच्या घराला परदेशी संस्था लाभली. सरोदघर घराण्याने स्वतः केले.

गोव्यात असे घर करावयाचे तर ते कोणाचे असते? केसरबाई केरकर (1892–1977) फोंड्याच्या केरीच्या. मोगूबाई कुर्डीकर (1904–2001) सांग्याच्या कुर्डीच्या. जयपूर-अत्रौली गायकीचे जे दोन कंठ अल्लादिया खाँसाहेबांच्या तालमीतून विसाव्या शतकाने ऐकले, ते दोन्ही गोव्यातल्या लहान गावांतून निघालेले. देवळाच्या चौकात गाणाऱ्या-नाचणाऱ्या समाजात जन्मलेले. ह्या समाजातल्या स्त्रियांचे गाणे उत्सवात मोठमोठ्या घरांना हवे असे, त्यांचे घर मात्र वस्तीच्या कडेला. वारसावास्तू म्हणून ज्यांची यादी होते त्या घरांत अशी घरे सहसा नसतात. सज्जा नाही, झुंबर नाही, वंशवृक्ष टांगलेला नाही. मातीच्या भिंती, वर नळे, आणि आत एक तानपुरा. पुराणवास्तूची पारख करणाऱ्या नजरेला तेथे जपण्यासारखे काही दिसत नाही.

मोगूबाईंच्या आईने मुलीचा गळा ओळखून तिला लहानपणीच नाटकमंडळीत घातले, आणि कुर्डी सुटली ती सुटली. पुढची तपश्चर्या सांगलीस, मुंबईस. कन्या किशोरी आमोणकर (1932–2017) ह्यांच्या रूपाने त्या गायकीला दुसरा अवतार मिळाला. इकडे साळावली धरण आले, आणि 1980 नंतरच्या काही वर्षांत कुर्डी गाव पाण्याखाली गेले. गावातले प्राचीन महादेवाचे देऊळ पुरातत्त्व सर्वेक्षणाने एकेक दगड उतरवून धरणाजवळच्या उंच जागी पुन्हा जसेच्या तसे रचले. ते आज उभे आहे, आणि तसे रचावयाचे कसब ह्या देशात आहे हे त्यावरून सिद्ध झाले आहे. घरे उतरवण्याचा प्रश्न कोणाच्या मनात आला नाही, येण्याचे कारणही नव्हते. गावकऱ्यांना पर्यायी जमिनी देऊन दुसरीकडे वसवले गेले.

दरवर्षी वैशाखात जलाशय आटतो तेव्हा कुर्डी वर येते. वठलेल्या झाडांची खोडे, रस्त्याची आखणी, विहिरींचे कठडे, घरांची जोती दिसू लागतात. जुने गावकरी मुलाबाळांसह येतात. हिंदू सोमेश्वराचा उत्सव करतात, ख्रिस्ती चॅपेलच्या जागी प्रार्थना करतात, आणि प्रत्येक जण आपापल्या जोत्यावर जाऊन ही ओटी, हे माजघर, इथे न्हाणी, असे नातवंडांना दाखवतो. मोगूबाईंच्या घराचे जोतेही लोक बोट करून दाखवतात. अलीकडच्या काही उन्हाळ्यांत ह्याच कोरड्या तळावर गाण्याच्या बैठकीही झाल्या आहेत. भिंती नाहीत, छप्पर नाही; श्रोते फुटलेल्या भुईवर बसतात. जूनचा पहिला पाऊस झाला की जोते पुन्हा पाण्याखाली जाते.